भरतीच्या गणितावर भाष्य

ओळ १ : 'समुद्राची पातळी सरल हरात्मक गतीने वरखाली होते असे माना.'

ही गणिताची सोय. मुंबईत वर्सोव्याच्या खाडीत चंद्राच्या ओढीत सूर्याचीही मिसळते. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चांगलंच चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला बेताचं. अपोलो बंदरावर १८७८ पासून पातळीच्या नोंदी आहेत. अशा नोंदी उलगडताना अनेक सरल गतींची बेरीजच मांडतात. आपण उधाणाचा एक दिवस आणि एकच गती धरू.

ओळ २ : 'मध्य पातळी २.५ मीटर, भरती ४.५, ओहोटी ०.५ मीटर.'

पाय घसरतो तो इथे. पावसाळ्यात बातम्यांमधून येणारी '४.५ मीटरची भरती' हे ना विस्थापन, ना आयाम. ती उंची सागरी नकाशाच्या शून्यपातळीपासून मोजतात, आणि ही शून्यपातळी मुद्दाम अगदी खालच्या ओहोटीजवळ धरलेली असते. नकाशातली खोली पाहून नाव हाकणाऱ्याला पाणी सहसा कमी पडू नये म्हणून. विस्थापन मोजायचं मध्य पातळीपासून : भरतीला अधिक २ मीटर, ओहोटीला उणे २. त्यातलं सर्वांत मोठं, चिन्ह सोडून, तो आयाम. म्हणजे २ मीटर. परीक्षेत हटकून ४ लिहिलं जातं; ती भरती-ओहोटीतली तफावत, आयामाची दुप्पट. विस्थापन क्षणाक्षणाला बदलतं, आयाम त्या दिवसापुरता ठरलेला.

मुंबईच्या महापुराच्या दिवशी, २६ जुलै २००५ ला, दुपारची भरती ४.४८ मीटर होती, म्हणजे विस्थापन जेमतेम २ मीटर. उधाणात एवढं पाणी चढतंच. नवल होतं ते सांताक्रूझला २४ तासांत पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाचं.

ओळ ३ : 'विस्थापन = आयाम × कोसाइन (३६० अंश × वेळ ÷ आवर्तकाल); वेळ भरतीपासून मोजा.'

आवर्तकाल, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा वेळ, सुमारे १२ तास २५ मिनिटं. तासाभरात कोन २९ अंश होतो, विस्थापन १.७५ मीटर. पाणी उतरलं फक्त पाव मीटर! दुसऱ्या तासात ते ६९ सेंटिमीटर उतरतं, तिसऱ्यात जवळपास ९५. ही संथ सुरुवात शहरातही जाणवते. अंधेरीचा मोगरा नाला मालाडच्या खाडीला मिळतो. खाडी चढलेली असली की अशा नाल्याचं पाणी तुंबतं. 'भरतीची वेळ टळली, आता ओसरेल' असं पाणी साचलेल्या सबवेपाशी थांबलेले लोक म्हणतात, तेव्हा खाडीचं पाणी नेमकं भरतीच्या टोकापाशी रेंगाळत असतं. विस्थापन निम्म्यावर यायलाच दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तिथून शून्यावर यायला त्याच्या निम्मा.

ओळ ४ : 'टोकांना वेग शून्य, मध्य पातळीवर सर्वाधिक.'

तिसऱ्या ओळीतून हे आपोआप निघतं. आपल्या आकड्यांनी हा सर्वाधिक वेग तासाला साधारण एक मीटर. तो पातळीच्या चढउताराचा. खाडीच्या तोंडाशी होडीला जाणवणारी ओढ आडव्या प्रवाहाची, तिचा हिशेब या समीकरणात नाही.