कायद्याच्या नावातला 'कनिष्ठ' कोण?

शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश आम्हा कोल्हापूरकरांना ५० टक्के जागांसाठी पाठ आहे. त्यातली व्याख्या मात्र आपण फारशी वाचत नाही. मागासलेले कोण, हे सांगताना ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व, असे तिथे म्हटले आहे. दप्तरात नाव नोंदले गेले ते पुढे गेलेल्यांचे. खालच्यांच्या जातींची यादी करण्याची गरज पडली नाही.

१९१८ मध्ये महाराजांनी संस्थानातली महार वतने रद्द केली. मुंबई इलाख्यात मात्र १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा चालूच राहिला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. अखेर १९५८ चा कायदा आला आणि वतनाची वेठ कागदावर संपली. पण नाव पाहा: 'कनिष्ठ गाव वतने' नाहीशी करण्याचा कायदा. इंग्रजीत 'इन्फिरिअर'.

कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, त्याच्या नावात 'कुलकर्णी' आहे. पाटीलकी १९६२ मध्ये गेली, तिथे 'पाटील' आहे. त्यांना पदाचे नाव मिळाले, आम्हाला पायरी मिळाली.

कोणी म्हणेल, कनिष्ठ वतनाला म्हटले, माणसाला नाही. पण हे वतन जन्माने मिळत होते. वतन आणि माणूस वेगळे करायचे कुठून?

कोणी म्हणेल, नावाने काय होते? मग १९५५ चा 'अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम' १९७६ च्या दुरुस्तीने 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' का झाला? नाव बदलल्याने अस्पृश्यता संपली नाही, हे आम्हीही जाणतो. पण फिर्याद द्यायला गेलेला माणूस आता कलंकाचे नाही, हक्काचे नाव घेतो.

२०१२ मध्ये राज्याने अनेक जुन्या कायद्यांच्या नावातले 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातले. या कायद्याचेही नाव तेव्हा बदलले. म्हणजे नाव बदलता येते. लेखणी पहिल्या शब्दावर चालली, दुसऱ्यापाशी थांबली.

आमची मागणी एवढीच: वतन जमिनींचे प्रश्न सोडवाच, पण त्या कायद्याच्या नावातला 'कनिष्ठ' आधी खोडा. तो शब्द मनुस्मृतीला शोभतो, संविधानाच्या राज्याला नाही.

जय भीम!