कर्जखत आणि नांगराची निशाणी

करार कसा लिहावा हें शिकावयाचें असेल तर दख्खनच्या कर्जखतांचा इतिहास पाहावा.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. हातीं आलीं तीं खतें त्यांनीं जाळून टाकलीं. असें कां व्हावें? खत सावकारानें लिहवावें आणि निरक्षर कुणब्यानें त्याखालीं नांगराची निशाणी करावी, अशी वहिवाट होती. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास ३ वर्षांचीच मुदत राहिली. मुदत भरत आली कीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत होई. निशाणी खरी, पण ती कोणत्या आंकड्याखालीं केली, हें करणारास ठाऊक नसे!

१८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें या दुखण्याचें मूळ ओळखलें. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत, जेथें गांव-रजिस्ट्रार नेमला असेल तेथें, शेतकऱ्याचें खत त्याच्या देखरेखीखालीं लिहावें, मोठ्यानें वाचून दाखवावें व मगच सही घ्यावी, असें ठरलें. जुन्या देण्याघेण्याचा मुळापासून तपास करण्याचा अधिकारही न्यायाधीशांस मिळाला.

तात्पर्य, करार ज्यास पाळावयाचा, त्यास तो आधीं कळला पाहिजे. एकालाच उमगणारा कागद म्हणजे पुढील तंट्याचें बीजच होय.