वहीत राहिलेला प्रश्न

नववीत हरितलवकाची आकृती काढताना मी बाईंना विचारलं होतं, “याला दोन आवरणं कशाला?” बाई म्हणाल्या, “मला सांगता येणार नाही. वहीत लिहून ठेव, पुढे शोध.” मी इंजिनिअरिंगला गेले, सॉफ्टवेअरमध्ये रमले आणि प्रश्न वहीतच राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने उत्तर देते.

१९०५ साली रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी लिहिलं, की हरितलवक हे मुळात पेशीबाहेरून आत आलेलं नीलहरित शैवाल आहे. बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. १९६२ मध्ये रिस आणि प्लॉट यांना हरितलवकात डीएनए दिसला. लिन मार्ग्युलिस यांनी हाच विचार नव्याने मांडला, तेव्हा अनेक नियतकालिकांनी त्यांचा लेख साभार परत केला. अखेर १९६७ मध्ये तो छापून आला. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण डीएनए वाचला. त्यात जेमतेम शंभरेक जनुकं निघाली. नीलहरित शैवालात ती हजारोंनी असतात. हरवलेल्यांपैकी बरीच पेशीच्या केंद्रकात जाऊन बसली आहेत. म्हणूनच घटातलं पिवळं धान उन्हात हिरवं होतं, तेव्हा केंद्रक आणि लवक दोघंही कामाला लागतात.

आणि आवरणं? नीलहरित शैवालाच्या पेशीलाही दोन पटलं असतात. हरितलवकाची दोन आवरणं हा त्यांचाच वारसा मानला जातो.

बाई, उत्तराला तीस वर्षं लागली. पण वर्गासमोर “मला सांगता येणार नाही” म्हणणं मी तुमच्याकडूनच शिकले. ऑफिसात नव्या मुलांना आजही तेच सांगते.