दुसऱ्या नंबरचे दिवस

हिंजवडीत रविवारी सकाळी कुठल्याही टर्फवर जा. आर्सेनल, चेल्सी, बार्सिलोना... अख्खा युरोप तिथं घामाघूम होत असतो :-) या गर्दीत कधीतरी एखादी जुनी, अक्षरं उडालेली 'पुणे एफसी'ची जर्सी दिसते. नव्यानं जॉईन झालेलं कुणीतरी विचारतं, "ही कुठली टीम? आयएसएलवाली का?" आणि तो चाळिशीतला जर्सीवाला जरा चिडूनच म्हणतो, "नाही रे, त्याच्या आधीची. खरी."

आजचा लेख या 'खरी' शब्दावर.

पुणे एफसी हा क्लब अशोक पिरामल ग्रुपनं 2007 साली काढला. आय-लीगचं ते पहिलंच वर्ष. वरच्या लीगमध्ये आयती जागा मिळाली नव्हती, त्यामुळं सेकंड डिव्हिजन खेळत 2009 मध्ये प्रमोशन मिळवावं लागलं. आणि वर आल्यावर पहिल्याच सीझनला, 2009-10 मध्ये, तिसरा नंबर! गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल तेवढे पुढं. मोहन बागान, ईस्ट बंगाल मागं.

कोच होते डेरिक परेरा. या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आले होते. त्यांच्याच हाताखाली महिंद्रनं 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली होती, फेडरेशन कप आणि लीग एकाच सीझनमध्ये. कुपरेजवर खेळणारा, 1962 पासूनचा हा क्लब महिंद्र कंपनीनं 2010 मध्ये बंद केला. पुढच्या वर्षी पंजाबच्या जेसीटीनंही दुकान आवरलं. म्हणजे पुण्यात आम्ही नव्या टीमचं कौतुक करत होतो, तेव्हाच आपल्या भविष्याची डेमो रिलीज शेजारी मुंबईत दाखवून झाली होती. बघितली कुणी?

असो. त्या टीममध्ये माणसं काय एकेक होती! गोलकीपर सुब्रता पाल. जानेवारी 2011 मध्ये भारत तब्बल 27 वर्षांनी एशियन कप खेळला, तिन्ही मॅच हरला, एकूण 13 गोल खाल्ले आणि तरीही दोहाहून हीरो होऊन परतला तो गोलकीपरच. कारण हा नसता तर आकडा कितीवर गेला असता याचा हिशोबच नको. तेव्हा तो पुण्याचा होता. दुसरा अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानचा. भारताकडून खेळायचं म्हणून या माणसानं जपानचं नागरिकत्व सोडलं. आपण इथं ऑनसाईटच्या व्हिसासाठी मॅनेजरच्या मागं फिरत होतो, त्याच काळात एक जण उलट्या दिशेनं आला आणि पाच किलोमीटरवरच्या बालेवाडीत मिडफिल्डला खेळत होता! शिवाय मलप्पुरमचा अनस एडथोडिका, मिझोरामचा जेजे, साऊथ सुदानचा जेम्स मोगा.

2012-13 ला टीम दुसरी आली, चॅम्पियन चर्चिल. त्या जोरावर 2014 मध्ये एएफसी कप खेळायला मिळाला. त्याच वर्षी ड्युरँड कपची फायनल, तिथं साळगावकरकडून 1-0 हार.

बस. एवढाच सुवर्णकाळ. सीनिअर टीमच्या कपाटात एकही मोठा कप नाही. लिव्हरपूलवाले आपल्या सोनेरी दिवसांबद्दल बोलतात तेव्हा ट्रॉफ्या मोजतात, आणि आम्ही एक तिसरा नंबर, एक दुसरा नंबर आणि एक हरलेली फायनल मोजतो. तरी त्या आठवणींत काहीतरी आहे, नाहीतर माणसं ती जर्सी कधीच लादी पुसायला काढती.

आता थोडं कडू बोलतो. बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक, त्यामुळं गोल झाला तरी तो शेजारच्या गल्लीत झाल्यासारखा वाटायचा. आणि स्टँड भरलेले नसायचे. आज जेवढे लोक "आम्ही तेव्हा होतो" म्हणतात, तेवढे तेव्हा खरंच आले असते तर निदान खुर्च्यांवरची धूळ तरी झटकली गेली असती. 'शनिवारी रिलीज आहे' हे कारण मी स्वतः किती वेळा ऐकलंय!

पण टीम रिकाम्या खुर्च्यांमुळं मेली असं म्हणणं सोपं आहे, आणि माझ्या मते अपुरं. 2010 च्या डिसेंबरात फेडरेशननं व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सला दिले. त्यातून 2014 मध्ये आयएसएल आली. फ्रँचायझी विकत घ्यायची, खालून वर यायची शिडीच तेव्हा नव्हती. ज्या कंपनीनं सेकंड डिव्हिजनपासून जिने चढून टीम वर आणली, तिला एके दिवशी कळलं की लिफ्ट दुसऱ्याच इमारतीत लागली आहे. पुण्यासाठी वेगळी टीम आली, एफसी पुणे सिटी, वाधवान ग्रुपची. पुढं हृतिक रोशन भागीदार, पहिल्याच सीझनला वर्ल्ड कप विजेता डेव्हिड त्रेझेगे. आय-लीगमध्येही कल्याणी ग्रुपच्या भारत एफसीला थेट प्रवेश मिळाला. म्हणजे 2014-15 मध्ये बालेवाडीला तीन-तीन टीम घर म्हणत होत्या! भारत एफसी एका सीझननंतर संपली. पुणे एफसीची सीनिअर टीमही 2015 मध्ये थांबली. मग आली डीएसके शिवाजीयन्स, ती 2017 पर्यंत.

एफसी पुणे सिटी जरा टिकली. मार्च 2018 मध्ये सेमीफायनल, बालेवाडीत बंगळुरूशी 0-0, तिकडं सुनील छेत्रीची हॅटट्रिक आणि 3-1. 2019 मध्ये तीही बंद. लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली, सोबत कोच फिल ब्राऊन आणि बरेच खेळाडू. 2022 मध्ये हैदराबादनं आयएसएल जिंकली. नंतर तो क्लबही पैशांच्या अडचणीत आला आणि 2025 मध्ये दिल्लीला गेला.

मग 2022 चा तो कप थोडासा आपला धरायचा का? मित्रांत यावर तासभर वाद होऊ शकतो. मला विचाराल तर नाही. प्रोजेक्ट दुसऱ्या लोकेशनला ट्रान्सफर झाल्यावर तिथल्या रिलीज पार्टीचा केक आपल्याला मिळत नाही.

आणि हे फक्त पैशांचं नाही. कोल्हापूरला बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा... तिथला संघ पेठेचा आणि तालमीचा असतो. शाहू स्टेडियमवरची ईर्ष्या आजोबांकडून नातवाकडे जाते, कुठल्या बोर्ड मीटिंगला ती बंद करता येत नाही. लंडनच्या विम्बल्डनचा क्लब 2002 मध्ये मिल्टन कीन्सला हलवायचं ठरलं, तर चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब उभा केला आणि नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये नेला. पुण्यात चार टीम गेल्या आणि आम्ही चार वेळा हळहळलो. प्रत्येक नवी टीम शून्यापासून सुरू झाली, आधीच्या टीमचं नाव, रेकॉर्ड, गाणी कुणीच पुढं घेतली नाहीत. कारण ते सगळं कंपनीच्या मालकीचं, आणि आम्ही फक्त युजर.

एक गोष्ट मात्र हातोहात पुढं गेली. पुणे एफसीची ॲकॅडमी. ती मामुर्डीला होती, हिंजवडीहून देहूरोडकडं जाताना लागतं ते गाव. सीनिअर टीम गेल्यावर 2016 मध्ये एफसी पुणे सिटीनं ती घेतली. आशिक कुरुनियन हा मलप्पुरमचा मुलगा किशोरवयात तिथं आला, मग एफसी पुणे सिटीकडून खेळला, मधे स्पेनला व्हियारियालच्या 'सी' संघात जाऊन आला आणि 2019 चा एशियन कप भारताकडून खेळला. नंतर मोहन बागानमधून आयएसएलही जिंकला. टीव्हीवर तो डाव्या बाजूनं पळायला लागला की माझा एक मित्र अजून म्हणतो, "मामुर्डीचा पोरगा आहे रे." मलप्पुरमवाले याला हरकत घेतील. घेऊ देत.