नागपूरच्या ताटातली मासोळी कुठून येते?

परवा रविवारी घरी वाद झाला. पोराला सुरमई पाहिजे होती, बिनकाट्याची. आईला मरळ. बायकोचं म्हणणं, रोहूच आणा, स्वस्त पडते आणि सगळे खातात. मी पिशवी घेऊन बाजारात गेलो तर नेहमीची मावशी म्हणे, "काहून बाप्पा, सुरमईच पायजे का? जित्ती मरळ हाय, घेऊन जा." मरळ घेतली. आईनं राख लावून ती खसखसा चोळली, चिकटपणा घालवला, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस वाटून जवसाच्या तेलात रस्सा केला. पोरानं आधी नाक मुरडलं, मग दोनदा रस्सा मागून घेतला.

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावाला मासोळीची चटक लागली कशी? आणि मरळ आता सणासारखी, कधीमधीच का दिसते?

उत्तर आपल्या पूर्वेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. वैनगंगेच्या या खोऱ्यात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. यातले बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळायची, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या तुकूम भागातून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं सांगतात. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादाचं पाणी जायला सांडवा. सिमेंट नाही, लोखंड नाही. शेकडो वर्षं टिकले.

तलाव कोहळ्यांनी बांधले तरी त्यातली मासोळी ढिवरांची. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे जाडजूड ग्रंथ काढले, त्यात ढिवरांचे हेच धंदे नोंदवलेत: मासे धरणं, तलावात शिंगाडा लावणं, पाणी भरणं, पालखी वाहणं. पालखी गेली, घरोघर नळ आले. उरली ती जाळी आणि शिंगाडा.

आता मुद्द्याची गोष्ट. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, पण गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं त्याच्याच धानाच्या हिताचं होतं, म्हणून ते होत होतं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, म्हणजे हा निर्णय आपल्याच गावात झाला. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण तलावाची मालकी सरकारकडे गेली आणि काळजी कोणाकडेच गेली नाही. माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव' असं गमतीचं नाव पडलं. मोठे पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे. गाळ साचत गेला, काठावर बेशरम माजली, उन्हाळ्यात तलाव लवकर आटायला लागले.

दुसरा बदल पाण्याच्या आत झाला. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली. (हे हिरालाल वेगळे, वरचे वेगळे.) रोहू, कतला, मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. बांधलेल्या तलावात ते वाढतात, पण सहसा वीण करत नाहीत. इंजेक्शनमुळे बीज हवं तेवढं मिळू लागलं. देशाचं पोट भरायला हे मोठं काम होतं, आजही 10 जुलै मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. पण ढिवराच्या सोसायटीसाठी हिशेब बदलला. तलावाची लीज भरा, दरवर्षी बीज विकत आणा, सोडा, वाढवा, विका. मरळ, वाघूर, शिंगूर, बाम, झिंगे हे तलावात आपले आपण वाढत होते, त्यांना बीज लागत नव्हतं. पण मरळ बाकीच्यांची पिलं खाते, म्हणून ती नको झाली. ज्या पाणगवतात तिची पिलं लपायची, ते गवतही गेलं. आता वाघूर म्हणून बाजारात कित्येकदा थाई मांगूर गळ्यात मारतात. त्याच्या पालनावर बंदी आहे, म्हणून घेताना जरा डोळे उघडे ठेवा.

सगळं संपलंय असंही नाही. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर मंडळी मिळून तलावातली बेशरम उपटताहेत, स्थानिक पाणवनस्पती लावताहेत, गावरान मासे परत आणताहेत. या कामात बायाही चिखलात उतरल्या. एकेकाळी त्या फक्त मासोळी विकायला बसत.

आणि आपण नागपूरकर? आपण या सगळ्यात फक्त खाणारे नाही. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे, 1988 मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं. धरणानं माशांची वर चढायची वाट अडवली, आणि जे पाणी अडलं त्यात आपल्या शहराचं सांडपाणी येऊन थांबतं. म्हणजे ज्या खोऱ्याची मासोळी खाल्ली, त्याच खोऱ्यात आपण घाण सोडतो. नाग नदीसाठी सुमारे दोन हजार कोटींची योजना मंजूर झाली, तिच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला एकदा विचारा, तिचं कुठवर आलं.

समृद्धीमुळे मुंबई आता एका रात्रीवर आली. सुरमई खा, पापलेट खा, माझं काही म्हणणं नाही. माझा पोरगा खाईलच. पण पुढच्या वेळी मावशीला एवढं विचाराल का, ही मासोळी कोणत्या तलावातली? मी विचारलं. ती म्हणाली, "रोहू आंध्रातून येते भाऊ, बर्फात. मरळ तेवढी आपल्या इकडची. ते बी रोज नाय भेटत."

तुमच्या घरी कोणती मासोळी शिजायची, आणि तुमची आजी तिला काय म्हणायची? खाली लिहा. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींनी तर नक्कीच, गावच्या तलावाच्या नावासकट.