वामनदादा कर्डक : गाण्यातला इतिहास

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा, ठराव आणि ग्रंथ यांचा आधार घेतो. तो घेतलाच पाहिजे. पण ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याचा इतिहास केवळ अक्षरात कसा सापडेल? मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. खोपटच्या आमच्या वस्तीत माझ्या आईला 1927 चा महाड सत्याग्रह आणि 1956 चे धर्मांतर पुस्तकांतून नव्हे, गाण्यांतून कळले. त्यांतली कितीतरी गाणी वामनदादांची होती.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळा लाभली नाही. पोटासाठी मुंबईला आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. कोणीतरी पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही. ती सल त्यांना लागली. ऐन तारुण्यात त्यांनी मुळाक्षरे गिरवली. दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे क्रमिक पुस्तक. 1943 साली ते गीते रचू लागले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी पाडलेली वाट त्यांनी पुढे गावोगाव नेली. ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला तो 1973 साली. म्हणजे तीस वर्षे ही कविता मुख्यतः लोकांच्या गळ्यात जगली.

शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे नाव गुंफत. संतांच्या नाममुद्रेची ही रीत. पण छापील पान नसलेल्या कवीला आपले नाव राखायला दुसरी जागा तरी कुठे होती?

प्रस्थापित समीक्षेने त्यांना ‘प्रचारक गीतकार’ म्हणून बाजूला सारले. आपणही दलित कवितेचा आरंभ साठोत्तरी मुक्तछंदापासून मोजतो, तेव्हा वेगळे काय करतो? गाणे तारखेला पक्के नसते, नायकाचा गौरव करते, हे खरे. पण घटनेतून लोकांनी काय उचलले, हे सरकारी दप्तर सांगत नाही; गाणे सांगते.

15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. त्यांच्याबरोबर गाणारी पिढीही सरत आली आहे. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांपाशी बसा. कोणते गाणे, कोणी, कुठे, कोणत्या साली गायले, ते वहीत उतरवा. हे काम विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहत थांबणार नाही.