पाठभेद आणि राजकीय आशय : ‘द क्लॅश’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन

पंक रॉकच्या राजकीय आशयाची समीक्षा प्रायः दोन टोकांना विभागलेली आढळते. एक बाजू गीतांच्या शब्दांना प्रमाण मानते आणि त्यांतून पक्षभूमिका काढून दाखविते. दुसरी बाजू उत्पादनव्यवस्थेकडे बोट दाखविते. ‘द क्लॅश’ या लंडनच्या वृंदाने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हाच ‘स्निफिन ग्लू’ या पंक अनियतकालिकाचा संपादक मार्क पेरी याने पंकचा मृत्यू घोषित केला होता. अडोर्नोच्या वळणाने विचार केला तर प्रश्न तिथेच मिटतो : बंडखोरी ही विक्रीयोग्य वस्तू झाली की तिच्या आशयाची चर्चा व्यर्थ. या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. मूल्यमापनासाठी समोर असलेली संहिता एक आणि स्थिर आहे, असे दोन्ही मानतात. या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही.

३० ऑगस्ट १९७६ रोजी लंडनच्या नॉटिंग हिल भागातील कॅरिबियन उत्सवात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक उडाली. वृंदातील जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन हे दोघे त्या गर्दीत होते. त्या अनुभवातून ‘व्हाइट रायट’ हे दोन मिनिटांहूनही लहान गीत जन्मले. कृष्णवर्णीय तरुण अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरतो, गोरा तरुण मात्र शाळेने घडविलेल्या आज्ञाधारकतेत अडकून पडतो, असा त्याचा आशय. गीताचे संबोधन गोऱ्या श्रोत्याला आहे आणि त्यात त्याची निर्भर्त्सना आहे. पण शीर्षकाचे दोन शब्द सुटे काढले की ‘गोऱ्यांचा दंगा’ एवढेच हाती उरते. त्याच काळात नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष वाढत होता. मे १९७७ च्या बृहन्लंडन परिषदेच्या निवडणुकीत त्याला सुमारे १ लाख १९ हजार मते पडली. अशा वातावरणात या गीताचा वर्णवादी अर्थही लावला गेला. हा केवळ श्रोत्यांचा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. संदिग्धता गीताच्या रचनेतच आहे.

मार्च १९७७ मध्ये हे गीत सुट्या तबकडीवर आले. वेष्टनावर झडतीसाठी हात वर करून भिंतीकडे तोंड केलेले तिघे वादक दिसतात. पण मंचावरून ऐकणाऱ्याला वेष्टन दिसत नसते. एप्रिलमध्ये चौदा गीतांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच गीताला वेगळा संदर्भ लाभला. मलपृष्ठावर नॉटिंग हिलच्याच उत्सवात धावून जाणाऱ्या पोलिसांचे छायाचित्र आहे. पहिल्या बाजूवर ‘व्हाइट रायट’ चौथ्या स्थानी येते. दुसऱ्या बाजूवर चौथ्याच स्थानी ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ येते. यात योजना होती असे म्हणण्याचे कारण नाही, परिणाम मात्र लक्षणीय आहे. ज्युनिअर मर्विन या जमैकन गायकाचे, ली पेरीने १९७६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले हे रेगे गीत येथे सुमारे सहा मिनिटे चालते. पस्तीस मिनिटांच्या तबकडीवर, बहुतेक गीते तीन मिनिटांच्या आत संपत असताना, एवढा अवकाश दुसऱ्याच्या, कृष्णवर्णीय गायकाच्या शब्दांना दिला जातो. गती मंदावते आणि गोरा गायक उसन्या लयीत आपला आवाज बसवू पाहतो. तो पुरता बसत नाही, आणि ते लपविलेलेही नाही. पहिल्या गीताने जी शिकवणी घेण्यास सांगितले, तिचा हा प्रत्यक्ष पाठ होय. म्हणून मूल्यमापनाचे एकक गीत नसून ध्वनिमुद्रिका असले पाहिजे.

परंतु कोणती ध्वनिमुद्रिका? अमेरिकेत कंपनीने १९७७ मध्ये ती काढलीच नाही. जुलै १९७९ मध्ये काढली तेव्हा ‘डिनाय’, ‘चीट’, ‘प्रोटेक्स ब्ल्यू’ आणि ‘फॉर्टी-एट अवर्स’ ही चार गीते गाळली, नंतरची पाच घातली आणि क्रमही बदलला. हस्तलिखितांच्या परंपरेत ज्याला प्रक्षेप म्हणतात तसाच हा प्रकार, फरक एवढाच की येथे प्रक्षेपकार कंपनीच आहे. या अमेरिकी पाठात ‘व्हाइट रायट’च्या लगोलग पुढे ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ हे जून १९७८ चे गीत येते. रेगेच्या कार्यक्रमाला गेलेल्या गोऱ्या माणसाचा भ्रमनिरास त्यात आहे : मंचावर बंड नसून करमणूक आहे, आणि नवे गोरे वृंद बंडाचा पैसा करण्यात गुंतले आहेत. १९७७ च्या इंग्रज श्रोत्याने हाक ऐकली; अमेरिकी श्रोत्याने हाक आणि तिच्याविषयीची शंका एका दमात ऐकली. अमेरिकी पाठावर आधारलेले मूल्यमापन या वृंदाला अधिक आत्मचिकित्सक ठरविते, तर इंग्रज पाठावर आधारलेले अधिक भाबडे. शिवाय ज्या गीतात कंपनीच्या अरेरावीचा निषेध आहे ते ‘कम्प्लीट कंट्रोल’ही कंपनीने याच पाठात समाविष्ट केले. अडोर्नोवाद्यांना याहून सोयीचा दाखला मिळणे कठीण. पण तेवढ्याने ते गीत निष्प्रभ ठरले, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

दोन्ही पाठांत एक रिक्त जागा समान आहे. त्यांतील वर्णसंघर्षाचे जग गोरे आणि कॅरिबियन या दोघांपुरतेच आहे. नॉटिंग हिलच्या आधी तीनच महिने, जून १९७६ मध्ये, लंडनच्या साउथॉल भागात एका शीख विद्यार्थ्याचा खून झाला आणि आशियाई तरुण संघटित झाले. त्याचा मागमूस या गीतांत नाही. रेगेसारखे उसने घेता येईल असे संगीत या तरुणांकडे त्या वेळी पंकला दिसले नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण. स्ट्रमरचे वडील लखनौला जन्मले होते, हा योगायोगही या संदर्भात काही उपयोगी पडला नाही. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनांवर पोलीस तुटून पडले. त्यात अटक झालेल्यांच्या बचावनिधीसाठी जुलैमध्ये लंडनच्या रेनबो नाट्यगृहात कार्यक्रम झाला आणि ‘द क्लॅश’ त्यात वाजविण्यास उभे राहिले. अमेरिकी पाठ बाजारात आला तो त्याच महिन्यात.